पाटीवरचा आकडा कोणत्या दिवसाचा?

प्रति,
मा. अध्यक्ष, वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोग, नवी दिल्ली



मी चाकणहून मानेसरला आलेला युटिलिटीवाला. बॉयलर, कॉम्प्रेसर, जनरेटर, म्हणजे बंद पडल्याशिवाय साहेबांना ज्यांची आठवण होत नाही ते सगळं माझ्याकडे.

आधी चांगलं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हरियाणात पेटकोक आणि फर्नेस ऑइल बंद केलं. मग १ जानेवारी २०२३ पासून तुम्ही, वीज केंद्रं वगळता, दिल्ली परिसरातल्या कारखान्यांतला कोळसाही थांबवला. ज्यांना पाइपचा गॅस परवडतो ते गॅसवर गेले, बाकीचे बायोमासच्या ब्रिकेटवर. पण ब्रिकेटलाही राख असते, ती मी फावड्याने उपसली आहे, आणि तिचीच धूळ चिमणीतून बाहेर पडते.

१९८१च्या वायू कायद्यातलं संमतीपत्र, म्हणजे आमचा कन्सेंट, एका घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम धूळ चालेल ते सांगतं. ती मोजायला माणूस शिडीवरून चिमणीच्या भोकापर्यंत चढतो, नळी आत घालतो आणि धूर थिंबलमधून, म्हणजे गाळणीच्या पुंगळीतून, ओढतो. थिंबलचं आधीचं आणि नंतरचं वजन, त्यातला फरक म्हणजे धूळ. मोजणी खोटी नसते. पण एका जुन्या नोकरीत (नाव कशाला?) नमुन्याचा दिवस आदल्या संध्याकाळीच ठाऊक असे. सकाळी बॉयलर निम्म्या लोडवर, बॅग फिल्टर नुकताच झाडलेला. आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली आला. नमुनेवाल्यांची गाडी गेटबाहेर पडली आणि प्रॉडक्शनचा फोन आला, ‘स्टीम वाढवा.’ वाढवली मीच.

मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं आहेत. छोट्या बॉयलरांचं बहुतेक या थिंबलवरच भागतं. अशा चिमण्यांखाली कासन, अलियर, नाहरपूरच्या भाड्याच्या खोल्यांत आमचे कामगार झोपतात.

घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांनी गेटवर पाटी लावावी, हवेत काय सोडतो तेही लिहावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३चा आदेश आहे. पाट्या आहेत. मी पाहिलेल्या एका पाटीवर आकडा ऑइलपेंटने रंगवलाय, तारखेची जागा कोरी, आणि पुढे कायम एक ट्रक उभा.

मागणी छोटी आहे. नमुन्याच्या अहवालात त्या तासाला बॉयलर किती टन स्टीम देत होता ते लिहायला लावा, शेजारी बॉयलरची क्षमताही. स्टीम-मीटरची नोंद सोबत जोडा. क्षमतेच्या निम्म्यावर घेतलेला नमुना धरू नका, आणि तारखेसकट हे सगळं प्रत्येक गेटवर लागू दे. नवं यंत्र नको, नवा कायदाही नको. रकाने दोनच वाढतील.

आणि नमुना घ्यायला कुणाला पाठवाल तर सकाळी अकराला नको. रात्रपाळीत, दोन वाजता पाठवा. शिडीपाशी टॉर्च घेऊन मी उभा राहीन.

आपला,
एक बॉयलरवाला, मानेसर