चौदा वर्षांची पालक

दिवाळी तोंडावर आली की माझ्या टपालात दरसाल एका ठराविक वळणाची पत्रे येऊ लागतात. यंदा उपनगरातल्या एका भिशी मंडळाच्या चिटणीसबाईंनी लिहिले आहे, “एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या अनाथ मुलांबरोबर पाडवा साजरा करावा, असे आम्ही भगिनींनी ठरवले आहे. फराळाचे पन्नास डबे तयार होतील. जवळपासची एखादी संस्था सुचवावी. मुलांसमवेत फोटो काढता आले तर फारच उत्तम.”

पत्र मनापासूनचे आहे. त्यात चेष्टा करण्याजोगे काही नाही. चकली त्या मुलांनाही आवडते. एका पंगतीला बसल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा मूल कडेवर घेतल्याने हा विषाणू कोणाला चिकटत नाही, तेव्हा भगिनींनी खुशाल मांडीला मांडी लावून जेवावे. फोटोचे मात्र राहू द्यावे. २०१७ साली झालेल्या आणि सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने दुसऱ्याची ही बाधा संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी मोबाइलवर निघालेले चित्र त्या मुलाच्या शाळेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे आपण सगळ्याच जाणतो! २००९ साली लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात अशा मुलांना गावच्या शाळेत घेतले, तेव्हा इतर पालकांनी आपलीच मुले शाळेत पाठवायची थांबवली होती.

त्याच हासेगावातले रवी बापटले यांचे ‘सेवालय’, पंढरपूरची मंगलताई शहा यांची ‘पालवी’, बीडजवळचे दत्ता आणि संध्या बारगजे यांचे ‘इन्फंट इंडिया’ ही नावे आपल्या वाचकांना नवी नसावीत. ज्यांना कोणी उरले नाही, त्यांना या मंडळींनी घर दिले. त्यांना जरूर मदत करा. परंतु आईबाप गेलेली बहुतेक मुले संस्थेत नसतातच. ती आजीच्या खोपटात असतात, आत्याच्या पडवीत असतात, आणि तिथे फराळाचा डबा घेऊन कोणी जात नाही.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंचे माहेर सोलापूर जिल्ह्यात. त्यांचा भाऊ सात वर्षांपूर्वी वारला. भावजय गेल्या माघात गेली. मागे दोन मुले. मुलगी चौदा वर्षांची, तिला बाधा नाही. धाकटा नऊ वर्षांचा, त्याला जन्मापासून आहे. आईला वेळेवर तपासून औषध मिळाले असते, तर तो यातून जवळजवळ निश्चित सुटला असता. असो. घरात म्हातारी आजी आहे, पण तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही.

“वहिनी, पोरीनं शाळेत जावं का पोराच्या गोळ्या बघाव्यात?” बाईंनी एके सकाळी विचारले.

गोळ्यांची गोष्ट अशी, की सरकारी एआरटी केंद्रात २००४ सालापासून त्या फुकट मिळू लागल्या. त्याआधी २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी हेच औषध वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा परदेशी कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे होती. आज गोळी घेणारे मूल शिकते, नोकरी करते, संसार करते. अट एकच : नेम चुकता कामा नये. पुन्हा पुन्हा चुकला, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. शिवाय मुलांची मात्रा वजनावर असते. वजन वाढले की मात्रा बदलायची, म्हणजे केंद्राच्या खेपा आल्या. जिल्ह्याच्या गावी एस.टी.ने जाऊन यायचे, तर बहिणीचा शाळेचा दिवस गेला. धाकटा सध्या तिला ‘ताकदीची गोळी’ म्हणतो. ती कशाची, हे त्याला त्याच्या वयाला झेपेल तसे थोडेथोडे सांगायला हवे. तेही ताईनेच सांगायचे!

त्यातून जमिनीचा घोळ. दोन एकर जिराईत, सातबारा अजून बापाच्या नावावर. चुलते कसतात आणि वर्षाला ज्वारीचे एक पोते देतात. चुलते अगदीच वाईट म्हणवत नाहीत. भावजयीला शेवटी दवाखान्यात त्यांनीच नेले. पण वारसनोंदीचा विषय निघाला की त्यांना कामे आठवतात. धाकट्याच्या नावाने खाते काढायला मुलगी एका बँकेत गेली, तर “पालकांना घेऊन ये,” असे उत्तर मिळाले.

वाचकहो, त्याच २०१७ च्या कायद्यात एक कलम आहे, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्या कुटुंबाला एच.आय.व्ही.ने गाठले आहे, त्यातले बारा ते अठरा वर्षांचे समजदार भावंड धाकट्या भावंडांचे पालक म्हणून काम पाहू शकते. शाळेतला दाखला, औषधोपचार, बँकेचे खाते, मालमत्तेची व्यवस्था, सगळ्याला. जमिनीची कागदपत्रे बाल कल्याण समितीकडे सुरक्षित ठेवता येतात आणि कोणी बळकावू लागला, तर तक्रारही तिथेच करता येते. हे कलम वाचून मला कौतुक वाटले आणि अंगावर काटाही आला. चौदाव्या वर्षी पालक! परंतु पर्याय काय, तर दोघांची ताटातूट. त्यापेक्षा कलम बरे.

त्या कलमाची प्रत आम्ही पाठवली. व्यवस्थापकांनी ती दोनदा वाचली, वरच्या कचेरीला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात खाते उघडले. बाल संगोपन योजनेचा अर्जही गेला आहे; २०२३ साली ती रक्कम मुलामागे दरमहा २२५० रुपये झाली. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आहे. चुलते तूर्त बोलत नाहीत.

चिटणीसबाईंना मी कळवले आहे, की फराळ करा, पण पन्नास डब्यांच्या खर्चातला काही भाग एखाद्या विश्वासू स्थानिक संस्थेमार्फत अशा एका घरासाठी वर्षभर द्या. एस.टी.चे भाडे, केंद्रावर जायच्या दिवशी सोबतीला येणाऱ्या शेजारणीची बुडालेली मजुरी, मुलीची शिकवणी. आणि बारावी होईपर्यंत थांबवू नका. मध्येच बंद पडणारी मदत त्या पोरीला हिशोबात धरता येत नाही.

परवा बाईंच्या फोनवरून तिच्याशी बोलणे झाले. दिवाळीला काय पाठवू, म्हणून विचारले. थोडा वेळ ती गप्पच.

“एक चेनची फाईल पाठवा,” ती म्हणाली. “आईचा दाखला, सातबारा, धाकट्याचं औषधाचं पुस्तक, समदं एका जागी राहील. पिशवीत चुरगळतंय.”

“आणखी काही?”

“फुलबाज्या. दोन पाकिटं. एकात भांडणं होत्यात.”