जर्मन पत्रं, कामांची यादी आणि मधला निरोप्या



जर्मनीत संगणकावर पोट भरणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या घरी एक गंमत असते. दिवसभर ऑफिसात क्लाउड, आणि संध्याकाळी घरी आलं की ब्रीफकास्टनमध्ये कागदच कागद! फिनान्सआम्टचं पत्र, क्रांकनकासंचं पत्र, मुलांच्या शाळेचं पत्र. प्रत्येकात कुठेतरी एक तारीख दडलेली असते, आणि ती चुकली तर "पत्र नीट समजलं नाही" हे कारण सहसा चालत नाही. म्हणून या वेळी बघूया, हा कागद आपोआप आपल्या कामांच्या यादीत कसा नेता येईल, आणि मुख्य म्हणजे यंत्राला कुठे थांबवायचं.

रचना अगदी साधी आहे. पत्र आलं की फोनने स्कॅन करायचं आणि क्लाउडमधल्या "पोस्ट" नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. मी यासाठी नेक्स्टक्लाउड वापरतो. फ्रांक कार्लिचेक यांनी २०१६ साली सुरू केलेला हा प्रकल्प मूळचा श्टुटगार्टचा, आणि तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतो. दुसरीकडे कामांची यादी, म्हणजे टूडूइस्ट, मायक्रोसॉफ्ट टू डू, जे तुम्ही वापरत असाल ते. या दोघांच्या मध्ये एक निरोप्या लागतो. झेपियर (२०११ पासून) हे त्यातलं जुनं नाव. प्रागची इंटिग्रोमॅट म्युनिकच्या सेलोनिसने २०२० मध्ये घेतली, तिचं नाव आता मेक. आणि यान ओबरहाउसर यांनी २०१९ मध्ये बर्लिनहून आणलेलं एन-एट-एन. नाव विचित्र वाटलं ना? मूळ शब्द "नोडमेशन". इंग्रजीत लिहिला तर पहिल्या आणि शेवटच्या एनच्या मध्ये आठ अक्षरं येतात, म्हणून एन-एट-एन. हेही घरच्या छोट्या संगणकावर चालतं, त्यामुळे पगारपत्रक आणि व्हिसाची कागदपत्रं तिऱ्हाइताच्या हातून जात नाहीत.

निरोप्याला एवढंच सांगायचं : दर पंधरा मिनिटांनी फोल्डर बघ. नवीन फाइल दिसली तर यादीत एक काम लिही, त्याला फाइलचा दुवा जोड आणि "उद्या वाच" अशी तारीख घाल. संपलं. एका शनिवारचं काम.

खरी मेख पुढे आहे. हल्ली मध्ये एखादं भाषेचं मॉडेल बसवून "पत्र वाच आणि मुदत काढ" असंही सांगता येतं. मोह होतोच. पण एक उदाहरण बघा.

श्टॉयरबेशाइडवर आइनश्प्रुख, म्हणजे हरकत, घ्यायला एक महिना मिळतो. हा महिना मोजायचा कुठून? पत्र टपालात पडल्यानंतरच्या चौथ्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असं कायदा धरून चालतो. (२०२४ अखेरपर्यंत हा तिसरा दिवस होता, जुनी माहिती अजून बऱ्याच ठिकाणी सापडते, सांभाळून.) समजा पत्र ५ मे २०२५ ला, सोमवारी, टपालात पडलं. चौथा दिवस ९ मे. महिना संपतो ९ जूनला. पण त्या वर्षी ९ जूनला फिंग्स्टमोन्टागची सुट्टी, म्हणून शेवटचा दिवस १० जून.

आता समजा हे कुटुंब मे महिन्यात पुण्याला गेलेलं. रविवारी १ जूनला परत आलं, पेटी उघडली, भराभर सगळं स्कॅन केलं. निरोप्याने महिना फाइलच्या तारखेपासून मोजला तर यादीत येणार १ जुलै! बॅगा रिकाम्या करताना कोणाला वाटेल, अजून महिना आहे की. प्रत्यक्षात हातात नऊ दिवस. यंत्र काही बिघडलेलं नाही. त्याने सांगितलेलं काम चोख केलं आणि खोटा दिलासा दिला. यादीत स्वच्छ अक्षरात तारीख दिसली की आपण मूळ कागद पुन्हा उघडत नाही, धोका तिथे आहे.

म्हणून माझा नियम असा : पत्र हलवायचं काम यंत्राचं, मुदत ठरवायचं काम माणसाचं. मॉडेलने तारीख काढली तरी ती "अंदाज" म्हणून कामाच्या टिपणात जाते, मुदतीच्या रकान्यात नाही. तो रकाना घरातल्या कोणीतरी पत्र समोर ठेवून भरायचा.

दुसरी गोष्ट, निरोप्या मुकाट्याने संपावर जातो. पासवर्ड बदलला, परवानगी संपली, एखाद्या कंपनीने दार बंद केलं की साखळी तुटते. आयएफटीटीटीमधून जीमेलवर चालणारे ट्रिगर २०१९ च्या मार्चअखेर असेच गेले. बर्लिनमध्ये २०१० साली जन्मलेली वुंडरलिस्ट आठवते का? मायक्रोसॉफ्टने ती २०१५ मध्ये घेतली. २०१९ मध्ये संस्थापक क्रिस्टियान रेबर यांनी ती परत विकत घ्यायची जाहीर तयारी दाखवली, तरी ६ मे २०२० ला ती बंद झालीच. तिच्यावर बांधलेल्या साखळ्यांचाही तिथेच शेवट.

यावर उपाय स्वस्त आहे. निरोप्याला दर रविवारी यादीत एक काम लिहायला लावा : "मी जिवंत आहे". ते आलं नाही तर काहीतरी बिनसलंय. रविवारी दुकानं बंदच असतात, बघायला वेळ असतो :-) आणि मूळ कागद फाइलमध्ये लावायची जर्मन सवय सोडू नका. आपल्या आजोबांच्या ट्रंकेतही रेशनकार्ड आणि सातबारा असेच जपलेले असायचे.

जाता जाता ऑफिसविषयी. हेच घरचं कौतुक टीमच्या टास्क बोर्डला जोडण्याआधी विचारून घ्या. कोणी कुठलं काम किती वाजता संपवलं याची नोंद अशा जोडणीत आपसूक तयार होते. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी यंत्रणा आणायची तर बेट्रीब्सराटची संमती लागते. बेट्रीब्सफरफासुंग्सगेझेट्सचं कलम ८७ तेच सांगतं. शिवाय माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जात असेल तर डेटाशुट्सवाल्यांनाही कळवावं लागतं. हे अडथळे आपल्याला कंटाळवाणे वाटतात, पण आपलीही कामगिरी त्याच बोर्डावर असते.

तुमच्या घरी या पत्रांचं काय करता, जरूर कळवा. कागदी वही वापरत असाल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : पत्राचं पाकीट लगेच फेकू नका. पत्रावरची तारीख आणि टपालात पडल्याची तारीख वेगळी निघाली, तर शिक्का असलेलं पाकीट उपयोगी पडतं. तेही स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका.