दगड जमवायचेत? मग आधी पाकीट खिशात ठेवा



गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न मला तिघांनी विचारला. एक परदेशातली भाची, एक जुना विद्यार्थी आणि एक शेजारचे निवृत्त बँकवाले गृहस्थ. प्रश्न असा, "जेडचा संग्रह सुरू करायचाय. कुठून घेऊ आणि किती पैसे घालू?" जेड म्हणजे नेमकं काय, हे मात्र तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. म्हणून आज जरा कडू लिहिणार आहे. रागावलात तर रागवा, सत्तरी ओलांडलेल्या बाईला आता कुणाची भीती?

आधी जेडचं उरकून टाकते. जेड हा एक दगड नाही, दोन आहेत. नेफ्राइट आणि जेडाइट. दिसायला भावंडं, पण घडण पूर्ण वेगळी. हे १८६३ साली दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. तोवर चीनमध्ये हजारो वर्षं नेफ्राइट कोरून झाला होता! मुघलांनाही त्याचं वेड होतं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीराची कट्यार आणि नूरजहानची फळं कापायची सुरी आहे, जमेल तेव्हा बघून या. पण 'इंडियन जेड' या नावाने बाजारात जे मिळतं ते जेड नसतंच, ते असतं अॅव्हेंच्युरिन, म्हणजे हिरव्या अभ्रकाच्या बारीक टिकल्या असलेलं क्वार्ट्झ. दिसायला छान असतं, माझा त्याला विरोध नाही. विरोध आहे तो नाव न तपासता पैसे मोजण्याला. माझ्या एका नात्यातल्या मुलीने घरबसल्या मागवलेली 'जेडची' बांगडी अशीच निघाली, तीही वरून रंगवलेली. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या. पण घेताना तिने त्याला "कुठला दगड? कुठल्या खाणीतला?" असं विचारलं होतं का? नाही. "लकी आहे ना?" हे मात्र विचारलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या संग्राहकाने ग्राहक म्हणून सुरुवात करूच नये. विद्यार्थी म्हणून करावी. आणि विद्यार्थी व्हायला आपल्याला चीन-ब्रह्मदेशाच्या दगडाची गरज काय हो? जेडाइट घडायला जमिनीच्या पोटातला प्रचंड दाब लागतो, लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या कातळात तो सापडायचा नाही. पण या कातळात जे सापडतं त्यासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. आम्ही लोणी काळभोरचे लोक सोलापूर रोडवरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत बसतो. मुळा-मुठा ओलांडून थेऊर-केसनंदमार्गे गेलं की वाघोली. तिथल्या दगडखाणींमधून कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज निघालं. निळं म्हणजे किती निळं, ते लिहून कळणार नाही. १९७३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलेल्या नमुन्यांवरून. पण आज कुठल्याही संग्रहालयात कॅव्हनसाइट बघा, चिठ्ठीवर बहुधा वाघोलीच असते.

हे होतं कसं? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. भाकरी फुगते तशा पोकळ्या झाल्या. मग त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट. ही झिओलाइट मंडळी. अपोफिलाइट त्यांच्या शेजारी राहतो पण त्या घराण्यातला नाही (एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी निम्म्या दुकानदारांच्या पुढे गेलात). झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिलं, अर्थ 'उकळणारा दगड'. तापवला की आतलं पाणी फसफसून बाहेर येतं म्हणून. मी भूगोलाच्या तासाला हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

आता "गुंतवणूक म्हणून घेतो" म्हणणाऱ्यांशी दोन शब्द. तुम्ही शेअर घ्या, सोनं घ्या, पण कृपा करून दगड घेऊ नका. ओकेनाइट नावाचं खनिज असतं, पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखं. बघणारा हमखास बोट लावतो, आणि एकदा ते तंतू दबले की परत उभे राहत नाहीत. लॉमोंटाइट तर कोरड्या हवेत आतलं पाणी गमावून कपाटातल्या कपाटात भुगा होतो. कसली गुंतवणूक घेऊन बसलात? काही हौशी लोक नमुना 'चकचकीत' करायला बाथरूमच्या अॅसिडमध्ये बुडवतात. स्कोलेसाइटसारखं खनिज अॅसिडमध्ये गेलं की त्याचा चिकट लगदा होतो. दगड आहे म्हणजे काहीही सोसेल, हा आपला समज.

आणि "स्वस्तात घबाड मिळालं" ही तर सगळ्यात वाईट खोड. रस्त्याकडेच्या स्टॉलवर जांभळ्या-गुलाबी चकत्या मिळतात, तो रंगवलेला अकीक असतो. ओकेनाइटसुद्धा निळा-गुलाबी रंगवून विकतात. कॅव्हनसाइटचा निळा गोळा वेगळ्याच दगडावर डिंकाने चिकटवून 'दुर्मीळ जोडी' म्हणून खपवतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, ते काही फार महाग नसतं. गोळा दगडाला टेकतो तिथे बघा. चकाकणारी कड दिसली, बुडबुडा दिसला, तर नमस्कार करून पुढे चला. पण भिंगातून बघायला वेळ लागतो, आणि आपल्याला तर आजच्या आज फोटो टाकायचा असतो!

घबाडाची दुसरी बाजू मला जास्त लागते. हे स्फटिक कुणी सुटाबुटातला माणूस काढत नाही. सुरुंग उडाल्यावर खडीसाठी दगड फोडणाऱ्याच्या हाताला ती पोकळी लागते. वडार समाजातली, बाहेरगावाहून आलेली माणसं, दिवसभर धुळीत. वाघोलीच्या खाणींवर त्यांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने पाषाणशाळा चालवल्या, कारण ती मुलं दुसऱ्या शाळेपर्यंत पोहोचतच नव्हती. त्या माणसाने पुढे केलेल्या नमुन्यावर पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची आणि घरी येऊन "कसा गंडवला!" म्हणून मिरवायचं, याला मी संग्रह म्हणत नाही. (आणि परवानगीशिवाय खाणीत उतरू नका. तिथे सुरुंग असतात, सहलीची जागा नाही ती.)

पुण्यात राहून संग्रह कसा करावा हे शिकायला लांब जायला नको. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दारांच्या चौकटी जमवल्या, लोक ज्या वस्तू मोडीत काढत होते त्या. १९६२ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. भाव बघून त्यांनी अडकित्ते जमवले असते तर एकही जमला नसता.

बरं, मग करायचं काय? पहिलं वर्षभर काही विकत घेऊ नका. एक वही करा. जो दगड हाताला लागेल त्याची जागा, तारीख, तो कशाच्या सोबत होता, कुणी दिला हे लिहा. नुसतं 'पुणे' नको. कुठली खाण, कुठला उतार, विहीर खणताना निघाला असेल तर कुणाच्या शिवारात, सगळं. घाई एवढ्याचसाठी की जागाच नाहीशा होताहेत. पाषाणच्या हिरव्या अपोफिलाइटचं नाव सत्तरच्या दशकात जगभर गाजलं, आज तिकडे सगळीकडे इमारती. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली, तिथेही वस्ती खाणींना येऊन भिडली आहे. खाण बुजली की तिथून निघालेल्या दगडाचा पत्ता कुणाच्या तरी वहीतच उरणार. चिठ्ठी नसलेला दगड कितीही देखणा असो, तो शास्त्राच्या उपयोगाचा राहत नाही. चिठ्ठी असलेला कळकट तुकडा कॉलेजातली मंडळी आनंदाने ठेवून घेतात.

आणि डोळा तयार करायला सिन्नरला जा. तिथे 'गारगोटी' हे खनिजांचं संग्रहालय आहे, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावात, म्हणजे अगदी वाटेत. दोन तास द्या. दोनदा जा. आमच्या घरातले लोक नाशिकला लग्नामुंजीला वर्षातून चार वेळा जातात, संगमनेरला चहाला थांबतात, येताना द्राक्षांना थांबतात, सिन्नरला मात्र "उशीर होतोय" म्हणून गाडी दामटतात. या वेळी मी आधीच सांगून ठेवलंय, मी पुढच्या सीटवर बसणार.