बहिणीसाठी भांडणारे गेले कुठे?

फुटबॉलची मॅच नव्वद मिनिटांत संपते, पण तिच्यावरचा वाद वर्षानुवर्षं चालू राहतो. १९८६ साली मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला, ती चीटिंग होती की चलाखी, यावर आजही दोन मित्र तासभर भांडू शकतात. रेफ्रीनं दिलेली पेनल्टी, न दिलेली पेनल्टी, २०१८च्या विश्वचषकापासून आलेला व्हिडिओ रेफ्री, कोणता खेळाडू किती कोटींना विकला गेला, विषयांना तोटा नाही. आपल्या कोल्हापुरात तर विश्वचषक आला की पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांच्यातल्या मॅचेसबद्दल तर बोलायलाच नको. शाहू स्टेडियमवरचा निकाल घरी पोचायच्या आत त्यावरचं भांडण पोचतं!

या वादांत वाईट काही नाही. खेळावर जीव असला की माणूस भांडणारच. प्रश्न आहे तो, कशावर भांडायचं आणि कशावर ‘जाऊ दे’ म्हणायचं, हे ठरवतं कोण?

मैत्रिणींनो, फुटबॉलमधला एक वाद असा आहे, की ज्यांनी आयुष्यात एकही मॅच धड पाहिलेली नाही त्यांनाही तो ठाऊक असतो. ९ जुलै २००६. बर्लिनमध्ये विश्वचषकाची फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली. स्कोअर १-१, जादा वेळेचा खेळ सुरू. फ्रान्सचा कप्तान झिनेदिन झिदान कारकिर्दीतली शेवटची मॅच खेळत होता. इटलीचा मार्को माटेराझी त्याला काहीतरी बोलला. झिदान चार पावलं पुढे गेला होता, तो वळला, माघारी आला आणि माटेराझीच्या छातीवर त्यानं डोक्यानं धडक मारली. लाल कार्ड मिळालं. मान खाली घालून तो विश्वचषकाच्या शेजारून आत निघून गेला आणि फ्रान्स पेनल्टी शूटआउटमध्ये हरला.

माटेराझी बोलला तरी काय, यावर तेव्हा जगभर चर्चा झडली. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्यांनासुद्धा कामाला लावलं गेलं. काही दिवसांनी झिदाननं टीव्हीवर येऊन सांगितलं, की तो आपल्या आईबहिणीवरून बोलला. माटेराझीनं आईचं साफ नाकारलं, बहिणीबद्दल बोलल्याचं मात्र पुढे स्वतःच कबूल केलं. ‘फिफा’नं दोघांनाही शिक्षा केली. झिदानला तीन मॅचेसची बंदी, माटेराझीला दोन.

झिदान चुकला, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण त्यातल्या बहुतेकांच्या बोलण्यात पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, ‘चुकलंच त्याचं, पण आईबहिणीवरून बोललं तर कोण ऐकून घेईल हो?’ गंमत म्हणजे, ‘खेळाचं तेवढं बोला, बाकीचं सोडा’ असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. बहिणीचा अपमान हा खेळाचाच विषय आहे, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. अर्थात भांडण होतं दोन पुरुषांचं. बहीण होती ती निमित्ताला.

आता सतरा वर्षं पुढे येऊ.

२० ऑगस्ट २०२३. सिडनीत महिला विश्वचषकाची फायनल. स्पेननं इंग्लंडला १-० असं हरवलं. गोल केला ओल्गा कार्मोनानं, एकोणतिसाव्या मिनिटाला. स्पेनच्या मुलींचा हा पहिलाच विश्वचषक. पदकं द्यायला स्टेजवर पाहुणे उभे होते, त्यात स्पॅनिश फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस होते. जेनिफर एर्मोसो ही तेहतीस वर्षांची, संघातली सगळ्यात अनुभवी खेळाडूंपैकी एक. ती पुढे आली तेव्हा या गृहस्थांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि तिच्या ओठांवर चुंबन घेतलं. कॅमेऱ्यांसमोर, जगासमोर. त्याआधी विजयाच्या भरात त्यांनी व्हीआयपी बॉक्समध्ये जो अश्लील हावभाव केला, तेव्हा जवळच स्पेनची राणी आणि तिची सोळा वर्षांची मुलगी उभी होती.

ड्रेसिंगरूममध्ये गेल्या गेल्या जेनी सहकाऱ्यांना म्हणाली, की मला ते आवडलं नाही. ते व्हिडिओतही आलं. इथे कुणाच्या ओठांची हालचाल वाचायची गरज नव्हती. इथे बहीण निमित्ताला नव्हती, ती स्वतः उभी होती आणि स्वतःच्या तोंडानं सांगत होती.

आणि मग? सतरा वर्षांपूर्वी ‘कोण ऐकून घेईल’ म्हणणारा आवाज यावेळी काय म्हणाला?

पहिलं उत्तर, ‘आनंदाच्या भरात झालं असेल.’ अहो, आनंद तर सगळ्यांनाच झाला होता. पुरुषांच्या संघानं विश्वचषक जिंकल्यावर कुठल्या अध्यक्षानं कप्तानाचं डोकं धरून ओठांवर चुंबन घेतल्याचं आपल्या पाहण्यात आहे? आनंदाचा भर नेमका बाईसमोरच का अनावर होतो?

दुसरं उत्तर, ‘नंतर ती बसमध्ये हसत होती की.’ हे ऐकल्यावर आपल्यापैकी कितीजणींना आपलंच काहीतरी आठवेल! साहेबानं चावट विनोद केल्यावर ऑफिसात आपण हसतो. लग्नघरात कुणी काका नको तेवढे जवळ येऊन बोलले, तरी आपण हसून बाजूला होतो. बाईचं हसणं ही पुष्कळदा संमती नसते, वेळ निभावून नेणं असतं. ज्या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिली, त्या दिवशी रडून सगळ्या संघाचा आनंद कोण घालवेल?

तिसरं उत्तर सगळ्यात साळसूद, ‘खेळाचं बोला ना, कशाला वाद वाढवता?’ म्हणजे बहिणीवरून कुणी बोललं तर तो खेळ आणि बहीण स्वतः बोलली तर तो वाद!

पुढे जे झालं ते रेकॉर्डवर आहे. जे घडलं ते सहज घडलं, अशा अर्थाचं निवेदन महासंघानं जेनीच्या नावानं प्रसिद्ध केलं. ते शब्द आपले नव्हतेच, असं तिनं पुढे सांगितलं. २५ ऑगस्टला महासंघाच्या सभेत रुबियालेस उभे राहिले आणि ‘राजीनामा देणार नाही’ हे वाक्य त्यांनी एकदा नाही, पाच वेळा म्हटलं. सभेत टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ‘फिफा’नं त्यांना निलंबित केलं. ऐंशीहून अधिक आजी-माजी महिला खेळाडूंनी जाहीर केलं, की हे नेतृत्व असेपर्यंत आम्ही देशासाठी खेळणार नाही. रुबियालेस यांच्या आईनं आपल्या गावातल्या चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन उपोषण सुरू केलं आणि जेनीनं खरं काय ते सांगावं अशी मागणी केली. त्या माउलीची पोटतिडीक खोटी म्हणवत नाही. पण बघा कसं आहे, मुलाच्या वागण्याचा जाब द्यायची वेळ आली तेव्हाही पुढे उभी राहिली ती आईच!

शेवटी १० सप्टेंबरला राजीनामा आला. प्रकरण कोर्टात गेलं. रुबियालेस यांचं म्हणणं होतं, की तिची संमती होती. कोर्टाला ते पटलं नाही. ज्या व्यक्तीशी आपलं तसं नातं नाही, तिला भेटण्याची ही रीत नव्हे, असं कोर्टानं स्पष्ट केलं. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी धरून १०,८०० युरो दंड झाला आणि एक वर्ष जेनीच्या दोनशे मीटरच्या आत यायचं नाही असं बजावलं गेलं. तिच्यावर दबाव आणल्याच्या आरोपातून मात्र ते सुटले. शिक्षा कमी झाली, असं अनेकांना वाटलं. पण ‘मला आवडलं नाही’ हे बाईचं साधं वाक्य कोर्टात टिकलं, ही गोष्ट लहान नाही.

या सगळ्यात हरवलं काय? ओल्गा कार्मोनाचा गोल. फायनलनंतर तिला कळलं, की तिचे वडील वारले आहेत. मॅचच्या आधी तिला ते सांगितलं नव्हतं. एखाद्या पुरुष खेळाडूच्या बाबतीत हे घडतं, तर ती कथा पोराबाळांच्या तोंडी झाली असती. पण त्या वर्षी महिला विश्वचषक म्हटलं की लोकांना आठवतो तो एक अध्यक्ष. ‘वाद वाढवून खेळाचा आनंद घालवला’ असा ठपका जेनीवर ठेवणाऱ्यांनी एकदा सांगावं, आनंद नक्की कुणी घालवला?

हे सगळं दूर तिकडे युरोपात, असं म्हणून आपल्याला पदर झटकता येणार नाही. २०२२मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, गोवा आणि आपली नवी मुंबई. फायनल डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली आणि ती जिंकली स्पेनच्याच मुलींनी. त्या स्पर्धेच्या काही महिने आधी, भारतीय मुलींच्या संघाबरोबर युरोप दौऱ्यावर गेलेल्या एका प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावं लागलं होतं. २०२४च्या मार्चमध्ये, महिला लीगच्या दुसऱ्या श्रेणीच्या मॅचेस गोव्यात चालू असताना, हिमाचलच्या एका क्लबच्या दोन खेळाडूंनी तक्रार केली, की संघाबरोबर आलेल्या पदाधिकाऱ्यानं खोलीत घुसून आपल्याला मारहाण केली. हा गृहस्थ अखिल भारतीय महासंघाच्या कार्यकारिणीवर होता. त्याला अटकही झाली. रात्र रात्र जागून युरोपातल्या मॅचेस पाहणाऱ्या आपल्या किती चाहत्यांच्या गप्पांत हे विषय निघाले? मेस्सी मोठा की रोनाल्डो, यावर चाललेली भांडणं पाच मिनिटं थांबवून त्या दोन मुलींबद्दल कितीजण बोलले?

बहिणीसाठी लढायला तयार असलेल्या भावाला शेजारची रिकामी खुर्ची दिसत नाही, हे तर याहून जुनं दुखणं. इराणमध्ये क्रांतीनंतर बायकांना पुरुषांच्या मॅचेससाठी स्टेडियमचे दरवाजे बंद झाले, ते जवळजवळ चाळीस वर्षं. सहर खोदायारी ही एस्तेगलाल क्लबची चाहती. २०१९च्या मार्चमध्ये पुरुषाचा वेश करून ती तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये शिरायला गेली आणि पकडली गेली. आझादी म्हणजे स्वातंत्र्य, बरं का! सप्टेंबरमध्ये कोर्टात गेली असताना आपल्याला सहा महिन्यांची कैद होऊ शकते असं तिच्या कानावर आलं. कोर्टाबाहेर तिनं स्वतःला पेटवून घेतलं. ती गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. क्लबचा रंग निळा, म्हणून लोक तिला निळी मुलगी म्हणू लागले. महिन्याभरानं, १० ऑक्टोबरला, कंबोडियाविरुद्धच्या मॅचला साडेतीन हजारांहून अधिक बायका त्याच आझादीत बसल्या. इराणनं ती मॅच १४-० अशी जिंकली. एक मॅच बघण्यासाठी केवढी ही किंमत!

पुरुष बोललेच नाहीत असं मात्र नाही, आणि ते सांगायलाच हवं. सहर गेल्यावर इराणचा एकेकाळचा लाडका खेळाडू अली करीमी यानं स्टेडियमवर बहिष्कार टाकायचं आवाहन केलं. स्पेनमध्ये बोर्हा इग्लेसियास या खेळाडूनं, हे बदलेपर्यंत मी देशाकडून खेळणार नाही, असं जाहीर केलं. सेव्हियाचा पुरुष संघ ‘आता बास’ अशा अर्थाचे शब्द छापलेले टी-शर्ट घालून मैदानात उतरला. बहिणीच्या नावानं डोकं फोडण्यापेक्षा बहिणीच्या बाजूनं उभं राहणं जास्त अवघड असतं. पण जमतं. या लोकांना जमलं.

मग आपण काय करायचं? फार मोठं काही नाही. घरात मॅचवर गप्पा रंगल्या, की चहा टाकायला उठणारी नेहमी आपणच असतो. एखाद्या दिवशी उठू नका. मुलीनं तोंड उघडलं की भाऊ लगेच परीक्षा घेतो, ‘ऑफसाइड म्हणजे काय, सांग बघू?’ त्याच्या मित्रांची ही परीक्षा कुणी घेतली होती का, ते त्याला विचारा. मुलगा गॅलरीतून आईबहिणीवरून शिव्या शिकून आला, तर ‘सगळेच देतात’ म्हणून सोडून देऊ नका. ज्या आईवरून ती शिवी आहे ती आई समोर बसली आहे, हे त्याला एकदा कळू द्या. आणि पुढच्या वेळी एखाद्या खेळाडू मुलीची तक्रार पेपरात आली आणि कुणी म्हणालं, ‘खेळाचं बोला, बाकीचं सोडा’, तर शांतपणे सांगा, की आम्ही खेळाचंच बोलतोय. ती मुलगीही खेळाडूच आहे.