गाडीचा अतिशृंगार आणि अनर्थदंड



मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी संध्याकाळी आल्या. त्यांच्या मुलाने चारही चाकांना जोर असणारी जीप बुक केली आहे. गाडी अजून दारात यायची आहे, पण तिला काय काय लावायचं याची यादी तयार आहे. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडे अशी गाडी आहे ना, मग काय काय लावून घ्यावं ते तुम्हीच सांगा." मी त्यांना गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीखाली ताडपत्रीने झाकलेला ढीग आहे, तो दाखवला. म्हटलं, "वहिनी, हे सगळं आम्ही लावलं होतं. आता विकत घेणारा शोधतोय."

आज त्या ढिगाबद्दलच लिहिते. मी गाडी चालवत नाही, त्यामुळे यातलं मला काय कळतं, असं कोणी म्हणेल. पण मी बी. कॉम. आहे, घराचे हिशोब पस्तीस वर्षं मीच लिहिते, आणि या वहीत लपवायला जागा नसते.

आमच्या धाकट्याने जीप घेतली आणि दीड वर्षात तिच्यावर चढवलेल्या वस्तू अशा. पुढचा लोखंडी बुलबार ३२,००० रुपये. त्यावर गाडी ओढून काढायचं विंच ४८,०००. गाडी उंच करायचं लिफ्ट किट ८५,०००. मोठे टायर आणि त्यांना चालणाऱ्या रिम मिळून १,६०,०००. टपावरचा कॅरियर २४,०००. त्यावर लाइट बार ९,०००. स्नॉर्कल १२,०००. आणि कानठळ्या बसवणारा हॉर्न ३,०००. एकूण ३,७३,००० रुपये. यातलं टायर-रिम, लिफ्ट किट, विंच आणि कॅरियर मिळून जास्तीत जास्त १,१०,००० रुपये येतील, असं जुन्या सामानाचा व्यापारी सांगून गेला. बाकीचं भंगारात. म्हणजे अडीच लाखांवर रक्कम बुडाली. मूळ गाडीची किंमत एका पैशाने वाढली नाही. उलट जुनी गाडी घेणारा अशी वाढवलेली गाडी पाहिली की आधी शंका घेतो की ही दगडाधोंड्यांत किती आपटली असेल.

पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकली. एक वस्तू लावली की ती दुसरी मागते.

बुलबार आणि विंच मिळून शंभर किलोच्या घरात वजन. ते नाकावर आल्यावर गाडी पुढे झुकली. म्हणून स्प्रिंग बदलायला गेले, तर तिथे सांगितलं की बदलताच आहात तर दोन इंच उंच करा. उंच केल्यावर कंपनीचे टायर बारीक दिसायला लागले, म्हणून ३३ इंची टायर आले. ते वळताना आतून घासायला लागले, म्हणून मडगार्डची किनार कापली. उंची बदलल्यामुळे अ‍ॅक्सलचा कोन बदलला आणि वर्षभरात त्याचे रबरी बूट फाटले. अलाइनमेंट दर दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी "एवढंच राहिलंय आई" हे वाक्य मी ऐकलं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नसतो. इथे तर आधी घातलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून पुढचा घालत होते.

टायरचा हिशोब मी स्वतः कागदावर केला. कंपनीचा टायर २५५/६५ आर १८, म्हणजे सुमारे ७८९ मिलिमीटर व्यास. ३३ इंच म्हणजे ८३८ मिलिमीटर. फरक सहा टक्क्यांचा. चाक एकदा फिरलं की गाडी सहा टक्के जास्त पुढे जाते, पण मीटरला ते ठाऊक नसतं. काटा ८० दाखवतो तेव्हा या हिशोबाने गाडी ८५ च्या आसपास पळत असते. वजनदार चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, ब्रेक मात्र तेच जुने. मायलेज १२ वरून ९ वर आलं. किलोमीटरही कमी मोजले जातात हे धरून साडेनऊ म्हणू. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवली तर अडीचशेहून जास्त लिटर डिझेल जास्तीचं. लिटरला ९० रुपये धरले तर साधारण २३,५०० रुपये दरसाल, आणि त्याबदल्यात काय, तर गाडी रुबाबदार दिसते.

टायरचा एक इंच आणि लिफ्ट किटचे दोन, अशी गाडी तीन इंच उंच झाली. यांचे गुडघे दुखतात. देवळात जाताना डिकीतून प्लास्टिकचं स्टूल काढायचं, दारापाशी ठेवायचं, हे चढले की पुन्हा आत टाकायचं. चार वेळा झालं आणि यांनी रिक्षा सांगायला सुरुवात केली. दारात चौदा-पंधरा लाखांची गाडी आणि घरातला थोरला माणूस रिक्षाने देवळात! शिवाय उंच गाडीचा तोल वर सरकतो, वळणावर कलंडायचा धोका वाढतो. टपावर कॅरियर आणि त्यावर सामान ठेवलं की आणखी. वेगात गेलं की कॅरियर असा घोंघावतो की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

स्नॉर्कलबद्दल धाकट्याचं म्हणणं होतं, "आई, आपण सांगलीत राहतो. महापूर आला तर?" मैत्रिणींनो, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. तेव्हा माणसं होड्यांतून बाहेर काढली. स्नॉर्कलमुळे फक्त इंजिनला लागणारी हवा उंचावरून घेतली जाते. दारातून येणारं पाणी, वायरिंगमध्ये शिरणारं पाणी, डिफरन्शियलच्या ब्रीदरमधून आत जाणारं पाणी, यातलं काहीच त्याने थांबत नाही. आणि वाहतं पाणी गाडी उचलून नेतं, त्याला तर स्नॉर्कलशी काही देणंघेणं नाही. उलट ती नळी लावल्यावर पोरांना पाण्यात गाडी घालायचा धीर येतो, हा त्यातला सगळ्यात मोठा तोटा.

आता जे लिहायला जड जातं ते लिहिते.

तो बुलबार मी घेऊन दिला होता. त्याच्या वाढदिवसाला, माझ्या मुदत ठेवीच्या व्याजातून. मला वाटलं, पुढे लोखंड असलं की माझं लेकरू सुरक्षित राहील. मी विचारलं नाही, वाचलं नाही. गाडीचा पुढचा भाग चेपावा असाच बनवलेला असतो, म्हणजे धडकेचा जोर तिथे जिरतो आणि आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. बुलबार सरळ चासीला नटबोल्टने आवळतात, तो चेपत नाही आणि धक्का सरळ मागे जातो. एअरबॅग कधी उघडायची याचं गणितही कंपनीने मूळच्या तोंडावरून बसवलेलं असतं, ते या लोखंडामुळे बिघडू शकतं. म्हणजे ज्याच्यासाठी घेतला त्यालाच तो धोक्याचा. हे मला नंतर कळलं.

कळलं ते असं. गेल्या वर्षी मार्गशीर्षात सकाळी सातला धाकटा गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागत होता. वेग रिक्षापेक्षाही कमी. कोपऱ्यावरून सायकलवर एक पोरगा आला, शिकवणीला चाललेला, सातवीतला. बार त्याच्या मांडीला लागला. मांडीचं हाड मोडलं. कंपनीचा बंपर प्लॅस्टिकचा असतो, मागे हात दाबला तरी तो थोडा आत जातो. इथे लोखंडी पाइप होता. पोरगं पडलंही असतं, खरचटलंही असतं, पण दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की ही जखम पाइपची आहे.

औषधपाण्याचा सगळा खर्च आम्ही केला, त्यात उपकार नाही. मुलाच्या पायात सळी घातली आहे, तो आता चालतो, अजून पळत नाही. दवाखान्याच्या पायरीवर त्याची आई मला म्हणाली, रागाने नाही, अगदी खरंच कळत नसल्यासारखी, "बाई, गाडीला असलं लोखंड कशाला हो लावलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पंचनाम्यात बुलबारची नोंद झाली. तेव्हा मी कायदा वाचून घेतला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात सगळ्या राज्यांना बुलबारवर कारवाई करायला कळवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत कंपनीच्या रचनेत फेरफार चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचंही तसंच. न कळवता लावलेल्या वस्तूंची भरपाई मिळत नाही, आणि बदलांमुळे बाकीचा दावाही अडकू शकतो. विकणारा यातलं काही सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

"माझा पैसा, माझी गाडी" असं तरुण म्हणतात. पैसा तुझा रे बाबा, पण रस्ता सगळ्यांचा. तुझ्या लाइट बारने समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. त्याच्यामागे बसलेली बाई पदर सावरत असते, तिच्या मांडीवर बाळ असतं. तुझ्या हॉर्नने म्हातारं माणूस दचकून रस्त्यात थांबतं. त्यांनी तुझ्या छंदाची किंमत का द्यावी?

आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. अर्थ म्हणजे प्रयोजन. संसारात राहणाऱ्याच्या हातून काही हिंसा होणारच, हे आपला धर्म जाणतो. स्वयंपाक, शेती, धंदा, प्रवास यांना प्रयोजन आहे. पण ज्याला काहीच प्रयोजन नाही ते पाप तरी टाळा, एवढंच हे व्रत सांगतं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत हिंसादान आहे, म्हणजे इजा करणारं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. मी वाढदिवसाला दिलं ते हेच. प्रमादचर्या आहे, म्हणजे विनाकारण जमीन उकरणं, पाणी उडवणं, झाडपाला तोडणं, उगाच भटकणं. आणि या व्रताच्या अतिचारांत अतिप्रसाधन आहे, गरजेपेक्षा जास्त साधनं जमवणं. जीप नसलेल्या काळातल्या आचार्यांनी आमच्या गच्चीवरचा ढीग बघूनच लिहिलं असावं, असं मला वाटलं.

चातुर्मासात आपले मुनिमहाराज विहार थांबवून एका जागी राहतात, कारण पावसात जमीन जिवांनी भरलेली असते. आणि आपलीच मुलं नेमकी त्याच चार महिन्यांत सड्यांवर आणि पठारांवर चिखल उडवायला जातात. सड्यावर मातीचा थर इंच-दोन इंच असतो, त्याखाली कातळ. एका चाकोरीने तो थर निघून जातो, आणि मग तिथे पुढच्या भाद्रपदात फुलं नसतात. मुंगीसाठी वाट सोडणाऱ्या आईचा मुलगा असं करतो, तेव्हा चूक एकट्या मुलाची नसते. घरात आम्ही बटाटा-कांदा बघतो, गाडी बघत नाही.

मी गाडीच्या विरुद्ध नाही. वहिनींना मी एक छोटी यादी लिहून दिली. कंपनीच्याच मापाचे चांगले टायर. हवेचा दाब मोजायचं मीटर आणि छोटा हवा भरायचा पंप, कारण चिखलात हवा थोडी कमी केली तरी निम्मं काम होतं आणि डांबरी रस्त्यावर येताना पुन्हा भरता येते. ओढायचा मजबूत पट्टा. एक फावडं. औषधांची पेटी. पाण्याचा कॅन. सगळं मिळून वीस हजारांच्या आत, टायर झिजतील तेव्हा वेगळे. यातल्या एकाही वस्तूचा आम्हाला पश्चात्ताप झालेला नाही. पट्ट्याने तर दोनदा दुसऱ्यांच्या गाड्या बाहेर काढल्या.

तुमच्याकडे गाडी येणार असेल तर यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहा: कशाला? उत्तर मुलाने त्या बाईला देता येईल असं द्यावं. नसेल येत, तर ती ओळ खोडा. आणि आईने पैसे देऊ नयेत.

आमची जीप आता मूळ रूपात आहे. बुलबार धाकट्याने स्वतःच्या हाताने काढला. तो विकायचा नाही, दुसऱ्याच्या गाडीला लागायला नको, म्हणून कापून भंगारात द्यायचा ठरला आहे. येत्या रविवारी तो पोरगा आणि त्याची आई आमच्याकडे जेवायला येणार आहेत.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.