ताटातले स्वराज्य

नरकचतुर्दशीला पहाटे पायाने कारीट फोडायचे, अभ्यंगस्नान करायचे आणि मग नव्या भाताच्या पोह्यांवर ताव मारायचा, ही आमची कोकणची रीत. पोह्यांच्या बाबतीत पेणचे नाव मोठे. पण पुडीतले पोहे कोणत्या शेतातल्या भाताचे, हे वाणी सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही.

वर्गात मी 'अन्नस्वराज्य' हा शब्द उच्चारताच एका विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे रेशन ना, सर?" 2013 च्या कायद्याने पात्र कुटुंबांत माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु ती झाली पोटाची हमी. काय पेरायचे, कोणते बी राखायचे, शेत ठेवायचे की द्यायचे, हे पिकवणाऱ्याने आणि खाणाऱ्याने ठरवायचे, ते स्वराज्य. 1996 साली 'व्हिया कॅम्पेसिना' या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने ही मागणी जगापुढे मांडली.

पेण तालुक्याला तिचा अर्थ शिकवावा लागला नाही. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जायची होती. 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारनेच तिथे कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, यासाठी शेतकरी मतदानाला रांगेत उभे! पुढे ते भूसंपादन बारगळले.

जमीन वाचली तरी बी वाचतेच असे नाही. आमच्या रोह्याकडे भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भाजल्या की झाली पोपटी. तिच्यासाठी तर मुंबईचे पाहुणे मुक्काम वाढवतात. महामार्गावरच्या खांब गावी एका आजींना मी विचारले, "आजी, वालाचं बियाणं कुठून आणता?"

"आनायचा कशाला, सर? गेल्या सालचा हाय मडक्यात."

घरचे बी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावेही, फक्त नाममुद्रा लावून विकू नये, असा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या कायद्याने मान्य केला आहे. आजींचा मुलगा मात्र म्हणाला, "बी हाय, पण गिऱ्हाईक कुठं हाय?"

त्याचे खोटे नाही. वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला. शहरात एवढी उस्तवार कोण करतो? गिऱ्हाईक तुटले की मडकेही रिकामे होणार, मग कायदा काय राखील? तेव्हा यंदा पोहे घेताना वाण्याला भाताचे गाव विचाराच. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नवे वाल आले, की पेण-रोह्याच्या बाजारातून दोन किलो आणा. सोलायला मुलांना बसवा. बिरड्याला गूळ-खोबरे सढळ घातले, तर कडूपणाची तक्रार करायला ती उरणार नाहीत.