नेतीसाठी पाणी कुठले?

‘मला सायनस आहे,’ असे कुणी सांगितले की मला नेहमी गंमत वाटते. सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे अशा हाडांतल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आपण जन्मभर वागवतो. त्यांच्या वाटा सुजून बुजल्या, आत कफ साचला, की दुखणे सुरू होते. पण ‘सायनस झाला’ हा प्रयोग आता इतका रुळला आहे, की तो दुरुस्त करायला जाणे म्हणजे बँकेच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला ‘चेक नव्हे, धनादेश म्हणा’ असे सुनावण्यासारखे आहे. असो.

महालात या दुखण्याला तोटा नाही. बडकस चौकापासून गांधी गेटपर्यंत धूळ आणि धूर, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या झळा, त्यातून घरात शिरावे तर कूलरचा ओला वारा, आणि डिसेंबरात बोचरी थंडी. नाकाने सोसावे तरी किती? त्यात माझी नोकरी रेकॉर्ड रूममधल्या जुन्या लेजरांची धूळ खात आणि हजार हातांतून फिरलेल्या नोटा मोजत झालेली. त्यामुळे घरगुती उपायांवर बोलायचा थोडा अधिकार मला पोचतो.

हे उपाय सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा कपाळाला लेप, गवती चहा आणि आल्याचा काढा, रात्री हळदीचे दूध, डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा. शिवाय बाम. अमृतांजन १८९३ सालचे. म्हणजे आपल्या पणज्यांच्या कपाळालाही ते लागलेले असणार. यातल्या कशालाही मी नावे ठेवणार नाही. शेकाने बरे वाटते, गरम पेयाने घसा मोकळा होतो. बामातल्या मेंथॉलची मात्र एक मौज आहे. त्याने नाक उघडत नाही, नाक उघडल्यासारखे वाटते. थंडावा ओळखणाऱ्या नसा त्याने जाग्या होतात आणि हवा खेळू लागल्याचा भास होतो. फसवणूकच ती, पण प्रेमळ. आणि रात्री झोप लागली तर हिशेब कोण मागतो?

मुळात बहुतेक सर्दी-सायनसचे दुखणे विषाणूंचे असते आणि ते आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. त्यामुळे नवव्या दिवशी ज्याचा उपाय चालू असेल त्याला श्रेय जाते. मग तो काढा असो, की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या असोत. या दोहोंत निवड करायची झाली तर मी डोळे मिटून काढा निवडीन. विषाणूवर त्या गोळ्यांचा काही उपयोग नसतो, आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांची किंमत पुढे भलत्याच कुणाला तरी मोजावी लागते.

‘घरगुती’ या शब्दावर आपला जो आंधळा विश्वास आहे, त्याविषयी मात्र बोलायला हवे. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असे आपण गृहीत धरतो. करोनाच्या काळात घरोघरी दिवसातून चार-चार वेळा वाफा सुरू होत्या, आणि उकळत्या पाण्याची पातेली कलंडून मुले भाजत होती. आणि ज्या उपायाला आज सगळे ‘आपला पूर्वापार घरगुती उपाय’ म्हणतात, ती जलनेती तर मुळात स्वयंपाकघरातली नव्हेच.

हठप्रदीपिकेतल्या सहा शुद्धिक्रियांत नेती आहे, पण ती दोऱ्याची. वीतभर मऊ सूत नाकातून घालून तोंडातून बाहेर काढायचे. नाकाने पाणी ओढून तोंडावाटे टाकण्याची क्रिया घेरण्डसंहितेत सापडते, पण कपालभातीचा एक प्रकार म्हणून, व्युत्क्रम या नावाने. म्हणजे ही सारी गुरूसमोर बसून शिकायची विद्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, ‘योगमीमांसा’ सुरू केले आणि योगक्रियांना क्ष-किरण यंत्रासमोर उभे केले. आपल्याकडे जनार्दनस्वामींच्या आणि रामनगरच्या योगाभ्यासी मंडळाच्या कष्टांनी योग सामान्य माणसाच्या ओसरीपर्यंत आला. या परंपरेत क्रिया शिकवणारा माणूस समोर असायचा. आता तोटीचे भांडे बाजारात मिळते आणि शिकवणारा मोबाइलमध्ये असतो.

नेतीचा उपयोग होतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. पण माझ्या अनुभवाला कुणी प्रमाण मानू नये. जुनाट सायनसच्या रुग्णांना रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने आराम पडतो, असे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्रयोगात २००२ साली दिसले. त्यानंतरचे अभ्यास इतके उत्साही नाहीत. थोडा फायदा, असे त्यांचे मोजके म्हणणे. कान-नाक-घशाचे डॉक्टर आज स्वतःच हा उपाय सुचवतात. यात जादू काही नाही. चिकट कफ, धूळ आणि सूज वाढवणारे घटक पाण्याबरोबर वाहून जातात, इतकेच. साधे पाणी झोंबते, म्हणून अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, किंचित कमीच. वाकून मान तिरकी करायची, श्वास तोंडाने घ्यायचा. वरच्या नाकपुडीत सोडलेले पाणी खालच्या नाकपुडीतून येते. नंतर नाक हलकेच शिंकरायचे; जोर केला तर पाणी कानाकडे जाते. कान दुखत असेल, नाक पुरते बंद असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर नेती करूच नये.

प्रश्न पाण्याचा आहे. आमच्या वाड्यातल्या एका वहिनींना मी एकदा विचारले, नेतीला पाणी कुठले घेता? ‘नळाचंच, भाऊजी. काही नाही होत. आपण पितोच नं!’

इथेच सारी गफलत आहे. पोटात गेलेल्या पाण्याची झडती जठरातले आम्ल घेते. नाकात अशी चौकी नाही. नाकाच्या छताशी चाळणीसारखे एक पातळ हाड असते, त्याच्या छिद्रांतून वासाच्या नसा थेट मेंदूत जातात. उबदार गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा याच वाटेने मेंदू गाठतो, आणि त्याने गाठलेल्यांपैकी शंभरांत दोन-तीनही वाचत नाहीत. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसे अशी गेली. कराचीत या अमीबाने जे दगावले त्यांतले बहुतेक पोहायलाही गेले नव्हते; वजू करताना नाकात घेतलेल्या पाण्यावर संशय आहे. केरळात २०२४ साली तळ्यात डुंबलेली मुले गेली, आणि २०२५ मध्ये रुग्ण इतके वाढले की सरकारला विहिरी आणि टाक्यांच्या क्लोरिनेशनची मोहीम घ्यावी लागली.

हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. पण आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतले मे महिन्याचे पाणी आठवा, हात पोळतो. या अमीबाला ऊबच मानवते. ४६ अंशांपर्यंत तो सुखाने वाढतो. जुन्या वाड्यांतल्या विहिरींचे पाणी ‘गोड आणि शुद्ध’ म्हणून नेतीला वापरणारे लोकही मला भेटले आहेत. यावरचा उपाय गॅसवर आहे. खळखळून उकळी फुटल्यावर तीन मिनिटे उकळलेले आणि झाकून कोमट केलेले पाणी, बस. फिल्टर घरात असला तरी उकळायचे. भांडे धुऊन कोरडे ठेवायचे.

दुसरी भीती याहून जवळची आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने नागपूरला किती छळले ते आपण पाहिले. मेडिकलचे वॉर्ड भरले, अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक रस्तोरस्ती फिरले. अखेर त्याचे उत्पादन जवळच वर्ध्याला सुरू करावे लागले. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा. त्या बुरशीची सुरुवात सायनसमध्येच होते, आणि मधुमेह ताब्यात नसलेल्यांना ती आजही सोडत नाही. गालाला एकाच बाजूला दुखणे, बधिरपणा, वरचे दात हलणे, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणे, नाकातून काळपट स्राव: अशा वेळी लेप, वाफारा, नेती काहीच करत बसायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. साध्या दुखण्यालाही दहा दिवसांची मुदत पुरे. मुदत टळलेले कर्ज आणि मुदत टळलेले दुखणे यांच्याकडे काणाडोळा करणारी माणसे मी सारखीच पाहिली.

माझी मागणी छोटी आहे. शेगडी विकताना दुकानदार सूचनांचा कागद देतो. नेतीच्या भांड्याबरोबरही मराठीत एक चिठ्ठी द्यावी: पाणी उकळलेलेच घ्या, मीठ इतके घाला, अमुक लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जा. योगवर्ग चालवणाऱ्यांनी तीच चिठ्ठी भिंतीवर लावावी. छापायला कुणी तयार असेल तर मजकूर मी विनामूल्य लिहून देतो. तपासायला मात्र एखाद्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाच बसवा.